धुळाच्या छातीतली गाठ

माणसाला मरणाची शिक्षा सुनावायचा अधिकार सरकारने जज्जाला दिला आहे, आणि तोही दोन्हीकडचे वकील बोलून दमल्यावर. मी मात्र चौतीस सालच्या आषाढात, सोलापूरच्या भवानी पेठेतल्या माझ्या दवाखान्यात बसल्या बसल्या एका धनगराला ती सुनावली आणि हात धुऊन घरी जेवायला गेलो. त्या चुकीची ही गोष्ट. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, बऱ्याचशा झाकल्याही. पण एवढ्या आनंदाने कबूल करावी अशी चूक ही एकच.

त्याचं नाव धुळा. राहणार कुंभारी, इथून तीन कोस. वय पस्तिशीचं, खांद्यावर घोंगडं, आणि वर्षभर न हटलेला खोकला. कधी थुंकीत रक्ताची रेघ यायची, उजव्या कुशीत दुखायचं. बरोबर आई मायाक्का आणि बायको चिमाबाई. मायाक्काला बाकावर बसा म्हटलं तर ती जमिनीवर बसली आणि तिथूनच माझ्यावर नजर ठेवून राहिली. चिमाबाई दारात उभी.

मी धुळाच्या पाठीवर बोटं ठोकून पाहिलं. निरोगी छाती रिकाम्या माठासारखी वाजते. याची उजवी बाजू खाली भरलेल्या माठासारखी ठस्स. क्षय म्हणावा तर ताप नाही, अंग खंगलेलं नाही. म्हणून त्याला रेल्वेने एका मोठ्या इस्पितळात धाडला, छातीचा फोटो काढून आणायला. क्ष-किरणांच्या त्या काचेला आमच्याकडे सगळे फोटोच म्हणतात. फोटो आला. उजव्या फुप्फुसात कवठाएवढी गोल सावली. सोबत तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, ‘गाठ दिसते, कशाची ते सांगता येत नाही.’ त्यांना सांगता आलं नाही, मला आलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

फुप्फुसातच पहिल्यांदा उगवणारी दुष्ट गाठ त्या काळी फार दुर्मीळ समजली जायची. माझ्याकडच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात तिच्यावर अडीच पानं होती, आणि ती मला जवळजवळ पाठ होती. ती कशामुळे उगवते याबद्दल लिहिणाऱ्यालाही पत्ता नव्हता. कुणी धुराला दोष देई, कुणी खाणीतल्या धुळीला. कशी वागते ते मात्र स्वच्छ लिहिलं होतं. आधी गप्प बसते, मग शेजाऱ्यांच्या भिंती पाडत वाढते, आणि शेवटी रक्ताच्या वाटेने जाऊन दूरच्या अवयवांत नवी बिऱ्हाडं थाटते. तिच्यावर औषध नाही. तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि रोगी झपाट्याने वाळतो, हेही त्यात होतं. धुळाच्या छातीतली सावली तर वाटी उपडी ठेवून रेघ ओढावी तशी गोल, आणि गडी चार भाकरी रिचवणारा. ती ओळ मी वाचली आणि पुढे सरकलो.

का सरकलो, तेही सांगून टाकतो. मला आनंद झाला होता. लाज वाटते, पण झाला होता. सोलापुरात बसून खोकला आणि जुलाब बघणाऱ्या डॉक्टरच्या हाती असली दुर्मीळ गाठ लागली होती. मुंबईच्या वैद्यकी मासिकाला पाठवायचा लेख मी मनात लिहायलाही घेतला होता. समोर बसलेला माणूस मला त्या आठवड्यात नीट दिसलाच नाही.

मी त्याला गोल गोल बोलून वाटेला लावणार होतो. पण त्याने सरळ विचारलं.

“डाक्टरसायब, खरं सांगा. मेंढरं कुणाच्या हवाली करायची, बायकापोरांचं काय, समदं ठरवाय लागंल मला.”

“दुष्ट गाठ आहे, धुळा,” मी म्हणालो. “औषध नाही तिला. सहा महिने. फार तर आठ.”

चिमाबाईने दाराची चौकट धरली. मायाक्का मात्र पुढे सरकली आणि तिने फोटोची काच मागितली. उजेडाकडे धरून तिने बराच वेळ ती सावली बघितली आणि म्हणाली, “ह्ये लई गोल हाय की.”

मी तिच्या हातातून काच काढून घेतली. म्हातारीला काय कळतंय, असं मनात म्हणालो. मनातच म्हणालो एवढं तरी बरं.

तीन महिने गेले. आश्विनातल्या एका सकाळी दवाखाना उघडतोय तोवर मायाक्का पायरीवर हजर. कुंभारीहून चालत आलेली, पाय धुळीने माखलेले, हातात फडक्याने तोंड बांधलेला तांब्या. धुळा गेला, असंच मला वाटलं.

तिने तांब्या टेबलावर ठेवला. “काल पहाटं धुळाला ठसका लागला. थांबंनाच. मग तोंडातनं भसकन पाणी आलं, खारट पाणी, घागरभर म्हना की. अंगावर ह्या एवढ्या गांधी उठल्या, दम कोंडला. आमी म्हटलं, सपलं. आन् मग ह्ये पडलं.”

“आता कसा आहे?”

“झोपलाय. छाती हलकी झाली म्हणतोय. ह्ये बघा तुमी आदी.”

मी फडकं सोडलं. पाण्यात पांढरं, मऊ, दुधाळ काहीतरी तरंगत होतं. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, पण पातळ, आणि गुंडाळी झालेलं. असलं काही माणसाच्या छातीतून निघालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तुकडा फुप्फुसाचा नव्हता, गाठीचाही नव्हता.

“हे काय आहे?” मी स्वतःलाच विचारलं, पण उत्तर मायाक्काने दिलं.

“तुमास्नी ठावं न्हाय? ह्ये मेंढराचं हाय. मेंढरू कापलं की फोपशात असतोय असला पाण्याचा फुगा. कवा काळजात बी असतोय. फोडला की पाणी उडतंय आन् आत ह्ये पांढरं निघतंय. आमी कुत्र्याला टाकतो. माझं येवढंच इचारनं हाय, मेंढराचं ह्ये माज्या लेकात कसं आलं?”

इथे माझ्या घरची गोष्ट सांगायला हवी. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, आणि सात पिढ्यांत कुणी मांसाला शिवलेलं नाही. लहानपणी खाटकांच्या गल्लीजवळून जाताना आमची अव्वा, म्हणजे आई शिवम्मा, माझ्या डोळ्यांवर पदर धरायची, आणि मोठेपणी तिच्या माघारी मी आपण होऊन मान वळवायला शिकलो. पुण्याला वैद्यकी शिकताना मी माणूस कापला, एकदा नाही, दोन वर्षं. पण मेंढीच्या पोटात काय असतं ते मी जन्मात बघितलं नव्हतं. धनगराच्या घरी सहा वर्षांच्या पोरीला जे माहीत असतं, ते मला ठाऊक नव्हतं.

मी ते जाडजूड पुस्तक काढलं. माझ्या आवडत्या अडीच पानांच्या पुढे, जेमतेम वीस पानांवर, हा रोग होता. मी तो कधी वाचलाच नव्हता, कारण सुरुवातीलाच लिहिलं होतं, मेंढ्या पाळणाऱ्या देशांतला आजार, ऑस्ट्रेलिया वगैरे. कुंभारी काय ऑस्ट्रेलियात आहे का, असं समजून मी पान उलटलं असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. त्यात सगळं होतं. गोल, रेखीव सावली. खारट पाणी. फुगा फुटताना अंगावर उठणाऱ्या गांधी. पांढरी साल. आणि पुढे लिहिलं होतं की फुगा असा श्वासनळीत फुटून सगळा बाहेर पडला, आणि त्या वेळच्या धक्क्यातून रोगी वाचला, तर पुष्कळदा तो आपोआप बरा होतो.

तांब्यातल्या पाण्याच्या तळाशी बारीक वाळूसारखं काही बसलं होतं. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शक खिडकीशी ओढला आणि डोळा लावला. आधी नुसता कचरा दिसला. काचपट्टी हळूच सरकवली, आणि दिसले. इवले इवले आकडे, विळ्याच्या टोकासारखे वाकडे, एका कड्यात गोल मांडलेले. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका बारक्या किड्याच्या पिल्लांचे आकडे. दुष्ट गाठीला आकडे नसतात.

“मायाक्का,” मी म्हणालो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. “मायाक्का, तुमचा मुलगा मरत नाही.”

“व्हय? मग चला की,” ती म्हणाली. “मरत न्हाय तर तिकडं येऊन सांगा. लवकर चला. आज त्यो बायकू देऊन टाकतोय.”

टांग्यात बसल्यावर उलगडा झाला. काल छातीतलं पाणी पडलं तेव्हा धुळाला वाटलं, गाठ फुटली, आता उद्या-परवाचा सोबती आपण. म्हणून त्याने घाईने पंच बोलावले होते. मेंढरं आणि पोरं भावकीतल्या ज्ञानबाच्या हवाली करायची, आणि आपल्यामागे चिमाबाईशी पाट लावीन असा ज्ञानबाचा शब्द पंचांसमोर घ्यायचा. ज्ञानबा विधुर. माणूस भला. धनगरांत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण नवरा जिवंतपणी स्वतः बसून तो ठरवतोय, हे मायाक्कानेही कधी पाहिलं नव्हतं.

“तुम्ही सांगितलं नाही का त्याला, हे मेंढराचं आहे म्हणून?”

“सांगितलं की. म्हनला, डाक्टर शिकल्याला मानूस हाय, तू गप.” मायाक्काने माझ्याकडे बघितलं. “तुमी लई शिकला आसशीला.”

मी टांगेवाल्याला घोडं पळवायला सांगितलं.

कुंभारीत धुळाच्या झोपडीपुढे कडुनिंबाखाली पाच पंच घोंगड्यावर बसले होते. पंचांना जेवण हवं, म्हणून एक म्हातारी मेंढी कापली होती. चुलीवर मोठं भगुलं शिजत होतं आणि चिमाबाई सगळ्यांकडे पाठ करून भाकऱ्या थापत होती. प्रत्येक भाकरीला असा दणका देत होती की पंच अधूनमधून तिकडे बघत होते. धुळा भिंतीला टेकून बसलेला, आणि त्याच्याशेजारी ज्ञानबा, मान खाली घालून, वधस्तंभाकडे नेलेल्या माणसासारखा.

मी टांग्यातून उतरलो तो ओरडतच. “धुळा, थांब! काही देऊ नकोस कुणाला! तू मरत नाहीस!”

सगळे उठले. धुळा उठला नाही. त्याने माझ्याकडे बघून हात जोडले आणि हसला.

“डाक्टरसायब, तुमी देवमानूस. शेवटाला मानसाला आसंच सांगत्यात, ठावं हाय मला. माज्या बाला बी सांगितलं हुतं.”

“अरे, मी बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये! ती दुष्ट गाठ नव्हती. पाण्याचा फुगा होता. माझी चूक झाली.”

“मंजी तुमी तवा चुकला?”

“हो. चुकलो.”

“मग आता बी चुकत आसशीला की.”

पंचांनी माना हलवल्या. मी आकड्यांचं सांगितलं, पुस्तकाचं सांगितलं, तांब्या दाखवला. धुळा नम्रपणे ऐकत होता, लहान मुलाचं ऐकावं तसं. मला असा संताप आला की काय सांगू! माणसाला मर म्हटलं की एका शब्दावर विश्वास ठेवतो आणि जग म्हटलं की पुरावा मागतो.

मायाक्काने कपाळावर हात मारला. “आरं, त्या मेंढीचं फोपसं कुटं हाय?”

कुणाला ठाऊक नव्हतं. मग एक पंच म्हणाला, “खराब हुतं म्हणून कुत्र्याला टाकलं.”

म्हातारी पळाली. सत्तरीची बाई, पण अशी पळाली की तिचा पदर मागे तरंगत होता. झोपडीमागून कुत्र्याचं गुरगुरणं आणि मायाक्काच्या शिव्या एकदमच ऐकू आल्या. परत आली ती हातात लोंबतं, धुळीने माखलेलं फोपसं घेऊन, आणि मागोमाग कुत्रं, अन्याय झाल्यासारखं भुंकत. तिने ते धुळाच्या पुढ्यात दगडावर आपटलं. त्यात लिंबाएवढा पांढरट फुगा वर आलेला होता, शाबूत.

“काप,” ती म्हणाली.

धुळाने कमरेचा चाकू काढला. टोक लावताच पाण्याची चिळकांडी उडाली आणि माझ्या कोटावर पडली. आतून पांढरी साल बाहेर आली. मी गळ्यातलं लिंग एका हाताने सावरलं, दुसऱ्या हाताने ती साल उचलली आणि तांब्यातल्या सालीशेजारी धरली. अव्वाचा पदर त्या क्षणी माझ्या डोळ्यांवर नव्हता, आणि बरं झालं नव्हता. दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

धुळाने दोन्ही साली बोटांनी चाचपल्या. ताणून बघितल्या. डॉक्टरपेक्षा जास्त वेळ घेऊन बघितल्या. मग कापलेल्या मेंढीच्या कातड्याकडे मान वळवली.

“ही काळतोंडी नऊ वर्सं चरली,” तो हळूच म्हणाला. “सात येळा येली. कदी बसली न्हाय. आन् ह्यो फुगा तिच्यात हुता?”

“होता.”

“आन् माजा तर भायेर पडला.”

“पडला. पुन्हा एकदा फोटो काढून बघू. पण मरण्यासारखं काही दिसत नाही.” पुढे दिवाळीनंतर तो फोटो काढला, कवठाच्या जागी नुसतं रिकामं कडं होतं, आणि वर्षभरात तेही मिटलं.

धुळाच्या तोंडावर काय झालं ते मला लिहिता येणार नाही. आधी कपाळावरची आठी गेली. मग त्याने खोल श्वास घेतला, खोकला येतो का बघितलं, आला नाही, म्हणून आणखी एक घेतला. असे पाच-सहा श्वास तो घेत राहिला. सगळे पंच ते बघत उभे होते.

सगळ्यांत आधी तोंड उघडलं ज्ञानबाने. “डाक्टर, नक्की जगतोय न्हवं ह्यो? न्हाय, लिवून द्या. वैनी भली बाय हाय, पर तिच्या हातच्या भाकरीचा आवाज ऐकलाया तुमी?” पंचांना इतकं हसू आलं की एकाचा पटका सुटला.

हा फुगा कुठून आला ते सांगणं भाग होतं. धुळाच्या घरी रीत अशी की जेवायला बसलं की पहिला घास कुत्र्याला, खंडोबाचं जनावर म्हणून, आपल्याच ताटात, आपल्याच हाताने. कुत्र्याने हात चाटला की त्याच हाताने पुढचं जेवण. मी म्हणालो, मेंढीतला फुगा खाऊन कुत्र्याच्या पोटात बारके किडे होतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या तोंडाला, केसांना लागतात, तिथून तुझ्या हाताला, हातातून पोटात, आणि मग छातीत. गाठीची बातमी तीन महिने न डगमगता पचवलेला हा माणूस, हे ऐकून मात्र दुखावला.

“कुत्र्यानं केलं म्हणता?”

“कुत्र्यानं काय केलं?” मायाक्का म्हणाली. “आमी कुत्र्याला दिलं, कुत्र्यानं आमाला दिलं. मेंढराचं फोपसं हितनं पुडं पुरायचं. घास घालाय माजी ना न्हाय, पर येगळ्या मातीच्या परळात, आन् मग हात धुवायचा. देव काय हात धुतला म्हणून रागावत न्हाय.” पुस्तकातला सगळा रोग तिने तेवढ्यात आवरला. त्यानंतर आजवर मी धनगरवाड्यांत हेच सांगत फिरतो, तिच्याच शब्दांत.

पंच पुन्हा बसले, आता नुसते जेवायला. मला कुणी काही वाढलं नाही, शहाणी माणसं. एक पंच माझ्यासाठी शेजारच्या लिंगायताच्या घरून दूध आणायला गेला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की भाकऱ्यांचा आवाज थांबला आहे.

चिमाबाई चुलीपुढे तशीच बसली होती, पाठ आमच्याकडे. हात पिठात. तव्यावरची भाकरी करपत होती. मग तिचे खांदे हलले, आणि तिने असा गळा काढला की झाडावरचे कावळे उडाले. पिठाचे हात तोंडावर घेऊन ती रडत होती, हमसून हमसून, लपवाछपवी न करता. धुळा घाबरून उठला. कालच्या ठसक्यानंतर पहिल्यांदा तो कुणाचा आधार न घेता उठला.

“आगं, आता कशापायी रडतीस? सपलं की समदं. म्या जगतोय.”

तिने तोंड वळवलं. गाल पिठाने पांढरे, त्यावर पाण्याचे ओघळ.

“तीन म्हैनं गिळलं म्या, तुमास्नी दिसाय नगं म्हणून,” ती म्हणाली. “आता बघा.”

धुळा तिच्याजवळ मातीत बसला आणि बघत राहिला.